पुराच्या होडीची बॅटरी



मागच्या अंकातला जमाखर्च वाचून आपल्या एका ज्येष्ठ भगिनींनी पत्र पाठवले आहे. त्या विचारतात, "होडी तर दोन वर्षांपूर्वीच घेतली. मग आता पुन्हा दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर कशासाठी? पहिली बॅटरी कुठे गेली?" प्रश्न रास्त आहे. पैसे आपल्या मंडळ्यांनी थेंबाथेंबाने जमवलेले आहेत, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकण्यापेक्षा सविस्तर द्यावे असे वाटले.

पहिली बॅटरी कुठे गेली नाही. ती चोरीला गेली नाही, पुरात वाहून गेली नाही, कोणी पाडली नाही. आठ महिने कोणी तिला हात लावला नाही, म्हणून ती मेली. दोष आमचा आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात होडी शेडमधून काढली. किल्ली फिरवली. आतून एकदा 'टक्' असा आवाज आला आणि पुढे काही नाही. वाडीतला एक तरुण मागे उभा होता, तो लगेच म्हणाला, "बसली बॅटरी." इंजिनाला दोरी आहे, ती ओढून इंजिन कसेबसे चालू झाले. पण रात्री वापरायचा मोठा दिवा लागेना, आणि तळातले पाणी उपसणारा पंपही फिरेना. दिवस कोरडा होता, पाऊस यायचा होता, म्हणून निभावले. हेच जुलैच्या एखाद्या रात्री झाले असते, तर पाण्यात इंजिन चालू असलेली पण आंधळी होडी घेऊन कोणी कुठे जायचे होते?

दूरच्या वाचकांसाठी आधी या भागाबद्दल थोडे सांगतो. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरच्या खोऱ्यातून वेगाने उतरते आणि महाडजवळ एकदम सपाटीला लागते. गांधारी आणि काळ या नद्याही महाडच्याच परिसरात तिला मिळतात. तिथून खाली दासगावकडे खाडी सुरू होते आणि नदी बाणकोट-हरिहरेश्वरपाशी समुद्राला मिळते. डोंगरातला पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. मग ते बाजारपेठेत, शेतात आणि नदीकाठच्या वाड्यांत पसरते. हा पाण्याचा रस्ता जुना आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरले, ते याच खाडीतून.

२००५ च्या जुलैत दासगाव, जुई अशा गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या आणि काही वाहने पुरात गेली, आणि त्यानंतर कित्येक दिवस बोटी खाडीत शोध घेत फिरत होत्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होते. त्याच दिवशी तळीये गावावर दरड आली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी इथेही माणसे गेली. त्या वेळी वीज गेली होती, मोबाईलही बंद होते. रस्ते पाण्याखाली असल्याने तळीयेपर्यंत मदत पोहोचायलाही वेळ लागला. एनडीआरएफचे जवान आणि त्यांच्या बोटी येतात, आणि ते मोठे काम करतात. पण पाणी चढल्यापासून ते येईपर्यंतचे जे काही तास असतात, त्या तासांसाठी नदीकाठच्या कातकरवाडीत एक होडी असावी, एवढाच आपला विचार होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला होडीचा उपयोग नाही. तिथे नदीला फार ओढ आहे, होडी घालणे म्हणजे माणसे गमावणे. तिथल्या बॅटरीची गोष्ट निराळी आहे, ती पुढे सांगतो.

आता बॅटरीकडे वळू.

होडीतली बॅटरी साधारण ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखीच असते. आत सहा घरे, प्रत्येक घरात शिशाच्या प्लेटी आणि पातळ केलेले गंधकाम्ल. एका घराचा दाब दोन व्होल्टच्या थोडा वर, म्हणून सहांचा मिळून बारा. बॅटरी वीज देऊ लागली की आम्लातले सल्फेट प्लेटींवर जाऊन बसते. चार्जिंगला लावली की ते परत आम्लात उतरते. रोज वापरायच्या गाडीत ही ये-जा चालू असते, म्हणून बॅटरी तीन-चार वर्षे सुखाने निघते. पण अर्धी उतरलेली बॅटरी तशीच ठेवून दिली, तर प्लेटीवर बसलेल्या सल्फेटचे हळूहळू कडक खडे होतात. मग कितीही चार्ज करा, ते सुटत नाहीत. गॅरेजवाले म्हणतात, "सल्फेट धरलं." प्लेटीचा तेवढा भाग कायमचा कामातून गेला.

ऑक्टोबरात पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी अर्धी उतरली कशी, असे कोणी विचारेल. एक तर ती स्वतःहूनच झिरपते, महिन्याला शेकडा चार-पाच भाग, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मे काय असतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दुसरे कारण आम्हाला उशिरा कळले. होडीतला वायरलेस संच बंद केला तरी त्याच्या आतले घड्याळ चालूच राहते आणि अगदी थोडी वीज ओढत असते. समजा ती एका अँपिअरचा शंभरावा भाग आहे. दिवसाचे २४ तास आणि आठ महिन्यांचे २४० दिवस धरले, तर हिशेब ५७ अँपिअर-तासांवर जातो. आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची होती. त्यात तिचे स्वतःचे झिरपणे मिळवा, म्हणजे मे महिन्यात तिच्यात काहीच उरलेले नव्हते. एका मुंगीने पोते रिकामे केले म्हणा ना.

आम्ही ती बॅटरी गावातल्या चार्जिंगवाल्याकडे नेली. त्याने लावली, तर तासाभरातच चार्जरचा काटा 'फुल' दाखवू लागला. आम्ही खूश झालो. तो मात्र नाही म्हणाला. एवढी मोठी बॅटरी एका तासात भरली, याचा अर्थ तिच्यात मावतच नाही. हंड्यात दगड भरून ठेवले तर हंडा लवकर भरतो, तसे. मीटरवर १२.६ व्होल्ट आले होते, आणि तेवढे तर चांगल्या बॅटरीलाही येतात. पण होडीचा दिवा जोडून ठेवल्यावर पाऊण तासात ती ११ च्या खाली आली. म्हणून सगळ्यांनी लक्षात ठेवावे की नुसते व्होल्ट मोजून बॅटरीची ताकद कळत नाही. काम देऊन पाहावे लागते.

एका रात्रीला किती वीज लागते, याचाही हिशेब मग आम्ही कागदावर मांडला. तो आधी मांडायला हवा होता. जुना हॅलोजन दिवा ५५ वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअरहून थोडा जास्त. दहा तासांची रात्र धरली तर एकट्या दिव्यालाच ४६ अँपिअर-तास लागतात. पंप तीन अँपिअर घेतो. मुसळधार पावसात तो रात्रीत मिळून दोन तास चालला तर सहा. वायरलेस नुसता ऐकत राहिला तर पाच, आणि बोलण्याचे मिळून आणखी पाच. एकूण ६२ झाले. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज काढू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे १०० ची बॅटरी अगदी नवी असती, तरी ती त्या रात्रीला पुरली नसती. आता १८ वॅटचा एलईडी दिवा बसवला आहे. तो दीड अँपिअर घेतो, आणि सगळ्या रात्रीचा खर्च ३१ वर आला. चार्जरपेक्षाही मोठा फायदा या एका दिव्याने झाला, असे माझे मत आहे.

काही जणांनी विचारले, इंजिन चालू असताना बॅटरी आपोआप भरत नाही का? गाडीत भरते, होडीतही भरते, पण थोडी. मागे लटकवायच्या लहान आऊटबोर्ड इंजिनाची वीज तयार करण्याची ताकद बेताची असते, आणि तीसुद्धा इंजिन जोरात फिरले तर. पुरात घरांच्या मधून होडी जोरात नेता येत नाही. खाली कुंपणाच्या तारा, फाटके, बुडालेल्या गाड्या काय काय असते. इंजिन मंद ठेवायचे, सारखे बंद-चालू करायचे, आणि प्रत्येक वेळी सेल्फ मारायचा. बॅटरीतून जाते जास्त आणि येते कमी.

म्हणून दोन बॅटऱ्या. एक फक्त इंजिन सुरू करण्यासाठी. तिच्या प्लेटी पातळ आणि पुष्कळ असतात, त्यामुळे ती क्षणभर मोठा जोर देते. दुसरी दिवा, पंप आणि वायरलेससाठी. तिच्या प्लेटी जाड असतात, ती हळूहळू पण तासन्‌तास वीज देते. दोघींची कामे एकमेकींना सांगू नयेत. दिवा लावून लावून पहिली बॅटरी बसली, तर मध्यावर इंजिन बंद पडल्यावर परत सुरू होणार नाही. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी घालावी, अशी सूचनाही आली होती. ती जाड प्लेटींचीच असते हे खरे, पण होडी हलते आणि कलते. उंच, जड आणि आम्ल सांडू शकणारी बॅटरी तिथे नको. आम्ही दुसरी बॅटरी बंदिस्त, एजीएम जातीची घेतली. तिच्यात पाणी घालावे लागत नाही.

आता तो चार्जर. त्याला 'ऑनबोर्ड' म्हणतात, म्हणजे होडीतच कायमचा बसवलेला. आमच्या पोरांनी 'आऊटबोर्ड इंजिन' आणि 'ऑनबोर्ड चार्जर' यांची इतकी गल्लत केली की शेवटी आम्ही त्याला 'आतला चार्जर' असेच नाव दिले. तो पूर्ण बंद डब्यात असतो, पाणी उडाले तरी चालते, हादऱ्याने सुटत नाही. त्यातून दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळ्या तारा गेल्या आहेत, त्यामुळे एक कमी आणि एक जास्त उतरली असली तरी दोघींना आपापल्या गरजेप्रमाणे वीज मिळते. प्रत्येक तारेला बॅटरीजवळच फ्यूज आहे. होडी शेडमध्ये आली की किनाऱ्यावरचा एक प्लग लावायचा. काम एवढेच, आणि त्याची खरी किंमत याच सोपेपणात आहे. बॅटरी सोडवा, खांद्यावर घ्या, रिक्षात घाला, महाडला न्या, दोन दिवसांनी आणा, हे सगळे पहिल्या वर्षी आमच्याकडून झाले नाही आणि दुसऱ्या वर्षीही झाले नसते. माणसाच्या स्वभावाचा हिशेब धरूनच वस्तू घ्यावी.

गावातला साधा चार्जर आणि हा, यांत फरक काय? साधा चार्जर वीज ढकलतच राहतो. बॅटरी भरली तरी थांबत नाही. मग आतले पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, पाणी उडून जाते, प्लेटी उघड्या पडतात. आतला चार्जर तीन टप्प्यांनी काम करतो. आधी पूर्ण जोराने वीज देतो, १०० च्या बॅटरीला साधारण १० अँपिअर, आणि दाब १४.४ व्होल्टच्या आसपास चढू देतो. मग दाब तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी जेवढी मागेल तेवढीच वीज देतो. ही मागणी हळूहळू कमी होत जाते. घागर भरत आली की आपण नळ बारीक करतो, तसे. हा टप्पा घाईने सोडायचा नसतो. पहिल्या टप्प्यानंतर प्लग काढला तर शेवटचा पंधरा-वीस टक्के भाग कायमच रिकामा राहतो, आणि सल्फेट तिथेच धरते. शेवटी चार्जर साडेतेरा व्होल्टच्या आसपास उतरतो आणि झिरपलेले तेवढे भरत बसतो. या तिसऱ्या टप्प्यात तो महिनोन्‌महिने राहू शकतो. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्या होडीला हाच टप्पा हवा होता.

६० अँपिअर-तास रिकामी झालेली बॅटरी भरायला १० अँपिअरच्या चार्जरला सहा तास लागतील, असा हिशेब कोणी करेल. प्रत्यक्षात शेवटचा टप्पा सावकाश जातो, म्हणून पूर्ण रात्र धरावी. चार्जरवर बॅटरीची जात निवडायचे बटण असते. जेल जातीच्या बॅटरीला कमी दाब लागतो, लिथियमला तर तिचाच चार्जर लागतो. आमच्याकडे या दोन्ही जाती नाहीत, म्हणून त्यांत शिरत नाही. फक्त कोणी दयाळू दात्याने लिथियम बॅटरी भेट देण्याआधी आम्हाला एकदा विचारावे.

विजेबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. २३० व्होल्टचा प्लग, ओली जमीन आणि अनवाणी पाय, हा मेळ जीवघेणा आहे. शेडमध्ये अर्थिंग नीट करून घेतले आहे, आणि ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा आरसीसीबी बसवला आहे. आमचा वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतो. त्याचे तपासण्याचे बटण दर महिन्याला दाबून पाहायचे. २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर आहे, सगळे स्विच त्या खुणेच्या वर घेतले. प्लग होडीत किल्लीच्या अगदी समोर येईल असा ठेवला आहे. तो काढल्याशिवाय किल्लीला हात पोहोचत नाही, म्हणजे घाईत वायर ओढत कोणी होडी पाण्यात घालणार नाही. ही कल्पना वाडीतल्या मुलाचीच.

आणि पुराच्या वेळी वीज जाते, मग चार्जर काय कामाचा? त्याचे काम पूर येण्याआधी असते. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला, त्या वेळी बॅटऱ्या भरलेल्याच असल्या पाहिजेत. त्यानंतर चार्जिंग करायचे असे ठरवले तर उशीर झाला. शेडच्या छपरावर २० वॅटचे एक लहान सौर पॅनल कंट्रोलरसह लावले आहे, म्हणजे उन्हाळ्यात लाईट दोन-दोन दिवस गेली तरी झिरपलेले भरून निघते. पावसाळ्यातल्या काळोख्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नये.

देखभालीचे काम थोडे आहे, पण ते ठरलेल्या माणसाने ठरलेल्या दिवशी करायला हवे. सगळ्यांची होडी म्हणजे कोणाचीच नाही, हे आम्ही एका बॅटरीची किंमत मोजून शिकलो. आता वाडीतले दोन तरुण हे पाहतात, त्यांना त्याचे मानधन दिले जाते, आणि एक वही आहे. दर पंधरा दिवसांनी आदल्या रात्री प्लग काढून ठेवायचा आणि सकाळी व्होल्ट मोजायचे. प्लग चालू असताना मोजले तर मीटर साडेतेरा दाखवतो, आणि तो चार्जरचा आकडा असतो, बॅटरीचा नव्हे. काढल्या काढल्या मोजले तरीही फसवा आकडा येतो. रात्रभर शांत राहिलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर अर्धी, आणि ११.९ म्हणजे रिकामी. महिन्यातून एकदा दिवा तासभर लावून परत मोजायचे.

इंजिनाची बॅटरी पाण्याची आहे. तिची झाकणे उघडून पाणी पाहायचे, आणि कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे, तेही चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ घातले तर चार्जिंगमध्ये ते फुगून आम्लासकट बाहेर येते. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे आधी घालावे. विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी त्यात क्षार असतात. माणसाला ते चालतात, प्लेटींना नाही. आम्ल कधीच घालायचे नाही, कारण उडून जाते ते फक्त पाणी. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी पाहायची. भरलेल्या बॅटरीला १२५० च्या आसपास यावी, सहाही घरांत सारखी. एका घरात १२५० आणि शेजारी ११५० असेल, तर ते घर गेले असे समजावे.

खाडीच्या खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलीन लावावे. तार सोडताना आधी उणे, लावताना उणे शेवटी. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो, म्हणून शेडची दोन्ही दारे उघडी आणि विडी शेडच्या बाहेर. या नियमावर वाडीतल्या वडीलधाऱ्यांशी आमचे दोन-तीनदा खटके उडाले. शेवटी एका आजीने सगळ्यांना दरडावले आणि तो प्रश्न मिटला. आम्ल डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवत राहावे आणि सरळ दवाखाना गाठावा. आधी फोन, मग पाणी, असे करू नये. खाडीचे खारे पाणी बॅटरीच्या आत गेले तर विषारी क्लोरीन वायू निघू शकतो. अशी बॅटरी बंद जागेत ठेवायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही.

आता पोलादपूरची गोष्ट. वरच्या काही वाड्यांत घराघरांत सौर दिवे दिले आहेत. एक पॅनल, एक लहान बॅटरी, दोन दिवे. "दिवे वर्षभरात बंद पडतात, लोक नीट वापरत नाहीत," अशी तक्रार आम्हीही एकेकाळी करत होतो, आणि कदाचित या अंकातूनच केली असेल. होडीच्या बॅटरीने आमचे डोळे उघडले. कातकरी कुटुंबे पाऊस संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाताना चोरीच्या भीतीने पॅनल काढून घरात ठेवतात. ते बरोबरच आहे, बंद घराच्या छपरावर पॅनल कोण ठेवील? पण मग बॅटरी अर्धवट भरलेली, अंधाऱ्या घरात सहा-सात महिने पडून राहते. आपल्या होडीची बॅटरी जशी मेली, अगदी तशीच आणि त्याच महिन्यांत हीसुद्धा मरते. वापरण्यात लोकांची काही चूक नव्हती. ज्यांच्या वर्षाचा निम्मा भाग घराबाहेर जातो, त्यांना वर्षभर घरी राहणाऱ्यांसाठी बनवलेली वस्तू दिली, ही आमची चूक होती.

यंदा ऑक्टोबरात एक साधा उपाय करून पाहत आहोत. कामाला निघण्याआधी प्रत्येक घराने आपली बॅटरी वसतिगृहात आणून द्यायची. तिच्यावर घराची खूण म्हणून रंगाचा पट्टा मारायचा, कारण नावांपेक्षा रंग लवकर ओळखू येतात. तिथे फळीवर ओळीने ठेवून महिन्यातून एकदा सगळ्या भरायच्या, आणि जूनमध्ये ज्याची त्याला परत. वसतिगृहातली मोठी मुले हे काम करतील. विज्ञानाच्या पुस्तकातली विद्युतघटाची आकृती त्यांना पाठ आहेच, आता ती हाताखाली येईल. काही कुटुंबांनी बॅटरी द्यायला नकार दिला, "परत मिळेल याची काय खात्री?" म्हणून. त्यांना तसे वाटण्याला कारणे आहेत, त्यामुळे आग्रह केला नाही.

मेलेल्या बॅटरीचे काय केले, हेही त्या भगिनींनी विचारले आहे. ती दुकानदाराला परत दिली आणि तिची मोड नव्या बॅटरीच्या बिलात वळती झाली. पावती फाईलमध्ये आहे. बॅटरी परत घेऊन तिची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. वाडीत मात्र एकाने आधी विचारले होते की फोडून आतले शिसे जाळ्याला लावायला घेऊ का. जाळ्याला शिशाच्या गोळ्या लागतात, विकत घ्यायला पैसे पडतात, त्यामुळे विचार अगदी साहजिक होता. पण चुलीवर शिसे वितळवले की त्याची वाफ आणि धूळ घरात बसते, रांगत्या मुलांच्या हातातोंडात जाते, आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम करते. तयार गोळ्या आम्ही घेऊन दिल्या. तो खर्च जमाखर्चात 'किरकोळ' या सदरात आहे, कोणाला शोधायचा असेल तर.

पुढच्या वर्षापासून होडीच्या खात्यात 'देखभाल' असे वेगळे सदर असेल. नवी होडी म्हटले की मदत लगेच जमते, फोटो निघतात. डिस्टिल्ड वॉटर, फ्यूज, व्हॅसलीन आणि दोन तरुणांचे मानधन यांचा फोटो निघत नाही, त्यामुळे त्यासाठी मागायला आम्हीच संकोचत होतो. आता संकोच सोडला आहे. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी होडी पाण्यात घालून सगळे तपासणार आहोत. ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी जरूर यावे, जेवण वाडीतच आहे.

वहीतली शेवटची नोंद अशी: इंजिनाची बॅटरी १२.७, दिव्याची १२.६, तासभर दिवा लावल्यावर १२.५. तिसऱ्या घरात पाणी कमी, घातले. पॅनल पुसले. प्लग परत लावला.